सांध्यांचे सौंदर्य

बॉनेट उघडले की नजर आधी इंजिनावर जाते. या गाडीच्या बाबतीत तिला जरा खाली आणि जरा कडेला न्यावे लागते. इंजिन चासीवर जिथे टेकते, गिअरबॉक्सला जिथे भिडते, पेट्रोलची नळी जिथे आत शिरते, तिथे या कामाचा खरा रस आहे. गाडी १९७२ ची शेवरले सी-१० पिकअप. तिच्यात आता आहे ते २००२ च्या शेवरले सिल्व्हराडोतून उतरवलेले ५.३ लिटरचे व्ही-८ इंजिन. दोघांच्या जन्मात तीस वर्षांचे अंतर. मिशिगनमधल्या माझ्या एका स्नेह्यांनी घरालगतच्या गॅरेजमध्ये, नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवसांत हे काम तडीस नेले.

जुन्या पिकअपमध्ये नवे इंजिन बसवण्याची अमेरिकेत मोठी परंपरा आहे. त्यातल्या बहुतेक गाड्यांची चर्चा एका आकड्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते : हॉर्सपॉवर किती? या गाडीने मला वेगळ्या प्रश्नापाशी आणून सोडले. दोन वेगळ्या काळांत, दोन वेगळ्या हिशेबांनी घडलेल्या वस्तू एकत्र नांदवायच्या, तर कोणी किती सरकायचे? जुन्या गाडीने नव्या इंजिनासाठी स्वतःला कापून घ्यायचे, की नव्या इंजिनाने जुन्या घराची रीत पाळायची? अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ लिहिली आणि काव्याचा प्राण औचित्यात शोधला. प्रत्येक घटक आपापल्या जागी शोभतो का, ही त्याची कसोटी. ती कवितेसाठी होती हे खरे, पण या गाडीच्या बॉनेटखाली डोके घातले तेव्हा मला त्याहून नेमकी कसोटी सुचली नाही.

आधी दोन्ही पक्षांची ओळख करून घेऊ. जनरल मोटर्सने या घडणीच्या पिकअप १९६७ ते १९७२ या काळात काढल्या. लांब, सपाट बॉनेट, सरळ कडा, मागे मोकळा हौदा. माल वाहायची गाडी असूनही शेवरलेच्या अर्धा टनी मॉडेलला मागच्या बाजूला पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग दिलेले, त्यामुळे रिकामी गाडी फारशी उडत नाही. या विशिष्ट गाडीत मुळात २५० घनइंचांचे, एका ओळीत सहा सिलिंडरांचे इंजिन होते. त्याची ताकद ११० हॉर्सपॉवर. १९७२ मध्ये अमेरिकी कंपन्यांनी ताकद मोजण्याची रीत बदलली. पूर्वी नुसते उघडे इंजिन मोजत. त्या वर्षापासून ते पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर यांच्यासह मोजू लागले. त्यामुळे हा आकडा दिसायला लहान असला तरी प्रामाणिक आहे. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना इतकी मोकळी जागा की मेकॅनिकने आत उतरून उभ्याने काम करावे.

सिल्व्हराडोचे इंजिन दुसऱ्याच जगातले. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये जनरल मोटर्सने आपल्या छोट्या व्ही-८ ची तिसरी पिढी आणली. तिलाच पुढे सगळे सरसकट ‘एलएस’ म्हणू लागले. १९९९ पासून तिची ट्रकसाठीची भावंडे आली : ४.८, ५.३ आणि ६ लिटरची. हे ५.३ लिटरचे त्यांतले मधले. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड अॅल्युमिनिअमची, ताकद २८५ हॉर्सपॉवर. सिल्व्हराडो, टाहो, सबर्बन अशा गाड्यांमधून ते इतक्या मोठ्या संख्येने बाहेर पडले की अमेरिकेतल्या कुठल्याही भंगारवाड्यात ते सहज सापडते.

भंगारवाड्यात ते का सापडते, हे समजले की या जोडीची पहिली संगती लागते. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ चासी खाते, ब्रेकच्या नळ्या खाते, दारांचे तळ खाते. इंजिन मात्र स्वतःच्या तेलात न्हालेले असते, ते टिकते. त्यामुळे धडधाकट इंजिन आणि कुजलेला सांगाडा, अशा अवस्थेत गाड्या भंगारात जातात. तिकडे नैर्ऋत्येला, अॅरिझोनासारख्या कोरड्या राज्यात उलटा प्रकार. उन्हाने रबर तडकते, डॅशबोर्ड भेगाळतो, रंग उडतो, पण पत्रा गंजत नाही. ही सी-१० अॅरिझोनातून आली. पत्रा खणखणीत, इंजिन थकलेले. एका हवेने राखलेले शरीर आणि दुसऱ्या हवेने शिल्लक ठेवलेले इंजिन यांची ही गाठ आहे. दोन गाड्या मोडीत निघण्याऐवजी एक रस्त्यावर आली.

दुसरी संगती अधिक खोल आहे, आणि ती वरवर पाहणाऱ्याला दिसत नाही. शेवरलेचे छोटे व्ही-८ प्रथम आले ते १९५५ च्या मॉडेलांमध्ये. एड कोल तेव्हा शेवरलेचे मुख्य अभियंता होते. २६५ घनइंचांच्या त्या पहिल्या इंजिनात शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यबिंदूंमधले अंतर ४.४० इंच ठेवलेले होते. १९९७ ची पिढी आखताना जनरल मोटर्सच्या अभियंत्यांनी जवळजवळ सगळे बदलले. ब्लॉकच्या भिंती क्रँकच्या खालपर्यंत उतरवल्या, क्रँकच्या प्रत्येक मेन बेअरिंगची टोपी सहा-सहा बोल्टांनी आवळली, हेडची घडण नवी केली, डिस्ट्रिब्यूटर काढून टाकला. पण ते ४.४० इंच तसेच राहिले. आणि गिअरबॉक्स जिथे जोडला जातो तिथली भोकांची मांडणीही बरीचशी तशीच राहिली. एक भोक गेले, एक नवे आले, बाकीची जागच्या जागी. सी-१० च्या मूळ सहा सिलिंडरी इंजिनालाही हीच मांडणी होती. म्हणजे या गाडीचा जुना गिअरबॉक्स ज्या भोकांची वाट पाहत होता, ती भोके नव्या इंजिनात आधीपासून होती. दशकानुदशके आकृतिबंध बदलत गेला, पण काही मापे कोणीतरी सांभाळली. त्या सांभाळण्यामुळेच आज एखादा माणूस घरच्या गॅरेजमध्ये हे काम करू धजतो.

आता सांध्यांकडे वळू. पहिला सांधा इंजिनाच्या फाउंडेशनचा. जुन्या छोट्या व्ही-८ च्या दोन्ही कुशींत फाउंडेशनसाठी तीन-तीन बोल्टांचा त्रिकोण असे. नव्या इंजिनाला चार-चार बोल्ट आहेत, आणि जागाही वेगळी. मधे पोलादाची एक जाड पट्टी बसवून हा तंटा मिटवला जातो. मी ती पट्टी हातात घेऊन पाहिली, कारण स्नेह्यांकडे जादा एक होती. तिच्या चार भोकांतून जातात ते १० मिलिमीटरचे बोल्ट. उरलेल्या तीन भोकांत आटे पाडलेले आहेत ते इंचाच्या हिशेबाने, तीन अष्टमांश इंचाचे. १९७२ ची सगळी गाडी इंचात बांधलेली, २००२ चे सगळे इंजिन मिलिमीटरमध्ये. या गाडीवर काम करायचे तर पान्यांचे दोन संच लागतात, आणि त्या दोन संचांची हद्द नेमकी या पट्टीतून जाते. पट्टीच्या कडा कानशीने मोडलेल्या होत्या, एकही धार बोटाला लागत नव्हती. गाडीखाली गेल्यावर ती कोणाला दिसणार नाही. तरी ती घासली गेली, यात मला कारागिराचा स्वभाव दिसतो.

या पट्ट्या बाजारात तयार मिळतात, त्यात विशेष नाही. विशेष आहे ते इंजिन पुढे-मागे कुठे ठेवायचे या निर्णयात. मागे सरकवले तर हेड फायरवॉलला भिडते आणि मागचे प्लग बदलताना हात शिरत नाही. पुढे आणले तर पंखा रेडिएटरच्या जाळीवर येतो. स्नेह्यांनी मूळ गिअरबॉक्सला जागचा हलू दिला नाही. तो जिथे होता तिथेच ठेवून इंजिनाला त्याच्याकडे यायला लावले. त्यामुळे मागचा शाफ्ट कापावा लागला नाही, गिअरबॉक्सचा आधार हलवावा लागला नाही, आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअरचा दांडा आपल्या जुन्या दुव्यांसह जिथल्या तिथे राहिला. संपूर्ण रचनेचा कणा हा एक निर्णय आहे.

दुसरा सांधा त्यातूनच निघतो. गाडीचा गिअरबॉक्स आहे टर्बो हायड्रामॅटिक ३५०, तीन गिअरचा ऑटोमॅटिक. त्यात संगणक नाही, वीज नाही. सगळा कारभार तेलाच्या दाबावर चालतो. नव्या इंजिनाच्या क्रँकचे टोक मात्र जुन्यापेक्षा सुमारे १० मिलिमीटर आत आहे. भोके जुळली तरी फिरणारे भाग एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत. तेवढ्याच जाडीची एक चकती मधे घालून ही फट भरली आहे. ती चकती क्रँकबरोबर मिनिटाला हजारो फेरे घेते, म्हणून तिचा मध्य तसूभरही हलून चालत नाही. एखाद्या मोठ्या कामाचा भार अशा एका न दिसणाऱ्या चकतीवर तोललेला असतो, हे उमगले की बघणाऱ्याच्या मनात त्या कामाविषयी आदर आपोआप उपजतो.

गिअरबॉक्सला इंजिनाशी आणखी दोन धाग्यांनी बोलावे लागते. इंजिनावर ओझे किती आहे हे त्याला एका बारीक रबरी नळीतून कळते. इंजिन हवा ओढते तेव्हा मॅनिफोल्डमध्ये जी पोकळी तयार होते, ती ही नळी गिअरबॉक्सपर्यंत नेते. आणि चालकाने पाय पूर्ण दाबला की किकडाउनची तारेची केबल त्याला खालच्या गिअरमध्ये यायला सांगते. या इंजिनाला अजून अॅक्सिलरेटरची केबल आहे, म्हणून ही किकडाउनची केबलही तिच्या शेजारी एका छोट्या पत्र्याच्या कोनाने बांधता आली. संगणकाने चालणाऱ्या इंजिनाला आणि संगणक माहीत नसलेल्या गिअरबॉक्सला एक रबरी नळी आणि एक तार जोडून देते. मला तर हे या कामातले सर्वांत देखणे स्थळ वाटते. दोघांनीही आपली भाषा सोडलेली नाही, आणि संवाद बिनबोभाट चालतो.

जाणकार येथे आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. सिल्व्हराडोचा स्वतःचा चार गिअरचा ऑटोमॅटिक या इंजिनाबरोबर आणता आला असता. त्यातला चौथा गिअर महामार्गासाठीच असतो. या गाडीत तो नसल्यामुळे, मागचे हाउसिंग ३.७३ च्या प्रमाणाचे असताना, ताशी १०५ किलोमीटरला इंजिन मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे घेते. चौथा गिअर असता तर हा आकडा दोन हजारांवर आला असता, पेट्रोल वाचले असते, कानही सुखावले असते. ही किंमत आहेच. पण तिच्या बदल्यात काय राखले गेले तेही पाहावे. जुन्या गिअरबॉक्समधून निघणारी स्पीडोमीटरची केबल अजून काटा फिरवते. चालकाच्या हातातला दांडा तोच आहे. लांबच्या प्रवासासाठी ही निवड मी केली नसती. गावातल्या, मधल्या रस्त्यांवरच्या गाडीसाठी ती मला पटते, आणि ही गाडी त्याच रस्त्यांवर फिरते.

तिसरा सांधा चेंबरचा. ट्रकच्या या इंजिनाचे तेलाचे चेंबर खोल असते. सी-१० मध्ये ते चासीच्या आडव्या तुळईच्या खाली लोंबते, दगडाला लागेल इतके. दोन वाटा असतात : चेंबर बदला, किंवा तुळई कापा. कापणे स्वस्त पडते. त्या तुळईवरच पुढच्या चाकांचे सस्पेन्शन आणि इंजिन दोन्ही पेललेले असतात, तरी लोक कापतात. या गाडीत उथळ चेंबर घेतले आहे, अॅल्युमिनिअमचे ओतीव. या जातीच्या इंजिनात चेंबर म्हणजे नुसते तेलाचे भांडे नसते. ते गिअरबॉक्सलाही बोल्टांनी जोडलेले असते आणि इंजिनाच्या ताठपणात त्याचा वाटा असतो. म्हणून ते निवडताना खोली आणि आकार दोन्हींचा विचार करावा लागतो. गाडीखाली झोपून मी तुळई या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. तिला कुठेही करवत लागलेली नाही. उद्या कोणाला वाटले की मूळ सहा सिलिंडरी इंजिन परत बसवावे, तर ते बसेल. केलेले काम मागे घेता येणे, हा या रचनेचा नैतिक गुण आहे आणि मी तो सौंदर्यातच धरतो.

चौथ्या सांध्यात मात्र गाडीला बदलावे लागले, आणि बदलले हे योग्य झाले. १९६७ ते १९७२ च्या या पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, बाकाच्या पाठीमागे असते. वळणावर पेट्रोल पाठीशी डुचमळताना ऐकू येते. उन्हाळ्यात केबिनमध्ये वास राहतो. अपघात झाला तर काय होईल ते सांगायला नको. जुन्या कार्बोरेटरला पेट्रोल लागे ते पाच ते सात पीएसआयच्या मंद दाबाने. इंजिनाच्या कुशीतला साधा पंप तेवढे काम करी. नव्या इंजिनाच्या इंजेक्टरांना ५८ पीएसआय, म्हणजे सुमारे चार बार दाब लागतो. इतक्या दाबाची व्यवस्था माणसाच्या पाठीमागे ठेवणे कोणालाही पटणार नाही. म्हणून टाकी आता मागे, हौद्याखाली, चासीच्या दोन दांड्यांच्या मधे आहे. पंप टाकीच्या आत बुडालेला. पंप ओढण्यापेक्षा ढकलण्यात तरबेज असतो, आणि भोवतीचे पेट्रोल त्याला थंड ठेवते. टाकीजवळच फिल्टर आणि दाब राखणारी झडप एकत्र बसवली आहे. जादा पेट्रोल तिथूनच टाकीत परतते आणि इंजिनापर्यंत एकच नळी जाते. जुन्या गाडीचे जे जपण्याजोगे ते जपले आणि जे धोक्याचे ते निःसंकोच काढले. औचित्य म्हणजे जुन्याची भक्ती नव्हे, हे या चौथ्या सांध्याने स्पष्ट होते.

याच ठिकाणी मला या कामातला एक दोषही दिसतो. टाकी गेली, तरी केबिनच्या डाव्या बाजूचे, चालकाच्या दारामागचे पेट्रोलचे झाकण तसेच ठेवले आहे. ते उघडले की आत काही नाही. पेट्रोल भरायचे तोंड आता हौद्याच्या तळात आहे. पत्र्यातले भोक बुजवून रंग देणे अवघड होते, आणि बाजूने पाहताना गाडीची ओळख त्या झाकणात आहे, ही बाजू मला कळते. पण बाकी सगळी रचना कामाच्या वस्तूंनी उभी असताना ही एकच वस्तू दिखाव्याची उरली. इतक्या सच्च्या कामात ती डोळ्यांना खुपते.

पाचवा सांधा तारांचा. या इंजिनाला आठ सिलिंडरांवर आठ वेगळ्या कॉइल आहेत. क्रँकच्या मागच्या बाजूला २४ खाचांचे एक चक्र फिरते. त्याच्यावर रोखलेला सेन्सर संगणकाला क्रँकची जागा सतत सांगत असतो. हवेचा दाब, पाण्याचे तापमान, धुरातला ऑक्सिजन, इंजिनाची ठकठक, सगळ्यांच्या तारा संगणकाकडे येतात. सिल्व्हराडोच्या वायरिंगचा हा जाडजूड गठ्ठा स्नेह्यांनी हिवाळ्यात टेबलावर पसरून उलगडला. या गाडीत ज्याचे काम नाही ती प्रत्येक तार शोधून मुळापासून काढली, नुसती कापून गुंडाळली नाही. शेवटी जुन्या गाडीशी जोडायला उरल्या त्या मोजक्याच तारा : बॅटरीची कायमची वीज, किल्ली फिरवल्यावरची वीज, अर्थिंग आणि पेट्रोलपंपाच्या रिलेचा हुकूम. १९७२ ची किल्ली आता एका संगणकाला जागे करते आणि त्या किल्लीच्या कुलपात मात्र काहीही बदललेले नाही.

एक अडचण मजेशीर आहे आणि बोलकीही. या संगणकाला चोरीविरुद्धची एक खूण माहीत असते. आपल्या मूळ गाडीकडून ती खूण आली नाही, तर तो इंजिन सुरू होऊ देतो आणि एक-दोन सेकंदांत पेट्रोल तोडतो. परक्या घरात आलेले इंजिन असे पहिल्यांदा रुसून बसते. मग त्याच्या प्रोग्रॅममध्ये शिरून ती अट काढून टाकावी लागते. लोखंडाचे जुळले, मापांचे जुळले, तरी ओळख पटवण्याचा हा शेवटचा टप्पा उरतोच. जुन्या काळच्या इंजिनबदलात हा टप्पा नव्हता. आज पान्याइतकाच लॅपटॉपही या कामाचे अवजार झाला आहे, आणि हातांच्या जोडीला हे नवे ज्ञान शिकून घेतलेल्यांविषयी मला विशेष आदर आहे.

तारांच्या भागातले सर्वांत बारीक काम डॅशबोर्डाच्या तापमानाच्या काट्यासाठी झाले आहे. संगणकाचा पाण्याचा सेन्सर डाव्या हेडच्या पुढच्या टोकाला असतो. तो काट्याला चालत नाही. काट्याला जुन्या पद्धतीचा, आपल्या मापाचा सेन्सर लागतो. उजव्या हेडच्या मागच्या टोकाला एक भोक बुचाने बंद असते. ते बूच काढून तिथे मिलिमीटरच्या आट्यांतून इंचाच्या आट्यांत नेणारा तुकडा बसवला आणि त्यात १९७२ चा सेन्सर घातला. आता एकाच इंजिनाचा ताप दोघे जण बघतात. एक संगणकाला आकडा सांगतो, दुसरा माणसासाठी काटा हलवतो. घाटात गाडी तापू लागली तर चालकाला नव्या पडद्याकडे पाहावे लागत नाही. तो पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसासारखा त्याच काचेमागच्या त्याच काट्याकडे बघतो आणि तो काटा खरे बोलतो. दिखाव्याच्या झाकणाचा दोष या एका काट्याने भरून निघतो, असे मी म्हणेन.

सायलेन्सरच्या वाटेवर आणखी एक गोष्ट आहे, जी कोणी मागितली नव्हती. १९७२ च्या गाडीला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कारखान्यातून नव्हता, अमेरिकी गाड्यांत तो १९७५ च्या मॉडेलांपासून सर्रास आला. मिशिगनमध्ये खासगी गाड्यांची धूरतपासणी होत नाही. धुराच्या बाबतीत कडक असलेले कॅलिफोर्नियाही १९७५ पर्यंतच्या गाड्यांना तपासणीतून सूट देते. तरीही या गाडीला कन्व्हर्टर बसवला आहे, आणि ऑक्सिजनचे सेन्सर चालू ठेवले आहेत. नवे इंजिन ज्या स्वच्छतेसाठी घडवले होते, ती त्याच्याकडून काढून घेतलेली नाही. इंजिन आणि चासी यांच्यातला सांधा जितका महत्त्वाचा, तितकाच इंजिन आणि शेजाऱ्यांच्या श्वासातला.

मग गाडी सुरू होते. जुने इंजिन थंडीत चोक ओढून, दोनदा पाय मारून, समजूत घालून उठवावे लागे. हे पहिल्याच झटक्याला उठते. व्ही-८ चा तो खोल, किंचित असमान ठेका आहे, पण जुन्या शेवरलेशी सराव असलेल्या कानाला त्यात फरक जाणवतो असे स्नेही सांगतात. जुन्या छोट्या व्ही-८ मध्ये सिलिंडर पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा होता. या पिढीत तो १-८-७-२-६-५-४-३ झाला. चार आणि सात यांनी जागा बदलल्या, तीन आणि दोन यांनीही. क्रँकवरचा ताण अधिक समतोल वाटला जावा, यासाठीचा हा बदल. गाडी रस्त्यावर आली की ताकद दुपटीहून अधिक झाल्याचे जाणवते, पण ती अंगावर येत नाही. १९७१ पासून या पिकअपना पुढे डिस्क ब्रेक असल्याने थांबण्याचीही तयारी आहे. चढावर गाडी श्वास रोखत नाही, आणि सपाटीवर ती अजून पिकअपच राहते : बाकावर बसल्याची तीच उंची, तोच पातळ मोठा स्टिअरिंग, खिडकीच्या कडेवर टेकणारे कोपर.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही सगळी परकी हौस वाटण्याचे कारण नाही. पेट्रोलची तहान भागेना म्हणून जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याचे काम आपल्याकडच्या गॅरेजांनी एके काळी भरपूर केले. महिंद्रानेही पुढे एमएम ५४० सारख्या जीपमध्ये प्यूजोच्या आराखड्याचे २.१ लिटरचे डिझेल इंजिन दिले. त्या हातांना फाउंडेशन, बेल हाउसिंग, शाफ्टची लांबी हे सगळे प्रश्न तोंडपाठ होते. कायद्याची चौकट मात्र वेगळी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांपासून गाडीला दूर नेऊ देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व ठामपणे सांगितले. आरसी बुकावर इंजिन नंबर असतो, तेव्हा इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी हवीच. ही शिस्त आवश्यक आहे असे माझे मत आहे. सांधा नीट आहे की नाही हे रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या जिवाशी निगडित असते.

हा रचनाप्रकार विजेकडेही वळला आहे. २०१९ मध्ये लास व्हेगासच्या सेमा प्रदर्शनात शेवरलेने १९६२ ची सी-१० विजेच्या मोटरींवर चालवून दाखवली. २०२१ मध्ये फोर्डने १९७८ च्या एफ-१०० पिकअपला दोन विजेच्या मोटरी बसवून ४८० हॉर्सपॉवरची गाडी मांडली. साहित्य बदलले, तरी कसोटी तीच लागू पडेल. बॅटरीचे वजन चासीने कसे पेलले, जुन्या काट्यांना नवे अर्थ कसे दिले, काय कापले आणि काय राखले, हेच विचारावे लागेल.

म्हणून कुठलाही इंजिनबदल वाचताना मी तीन प्रश्न हाताशी ठेवतो. जुन्या गाडीतले जे परत मिळणार नाही ते कापले गेले का? नव्या इंजिनातले जे चांगले ते हरवले का? आणि दोघांच्या मधे जे नवे घडवले गेले, ते न दिसणाऱ्या जागीही नीट केलेले आहे का? मिशिगनमधली ही सी-१० पहिल्या दोन प्रश्नांना जवळजवळ पूर्ण समाधानकारक उत्तर देते आणि तिसऱ्याला निःसंशय देते. तिच्यातली इंजिन, गिअरबॉक्स, चासी ही तिन्ही मोठ्या कारखान्यांची निर्मिती आहे. ते श्रेय त्यांचे. पण पोलादाची पट्टी, १० मिलिमीटरची चकती, एक रबरी नळी, आट्यांचे माप बदलणारा तुकडा, एवढ्या चार-सहा लहान वस्तूंची निवड आणि त्यांच्या जागा हे एका माणसाचे कर्तृत्व आहे, आणि गाडी त्यांच्यावर चालते. अशा कामाला आपण सहसा ‘छान बसवलंय’ एवढीच दाद देतो. ती खरी आहे, पण अपुरी आहे. त्या कामात विवेक आहे, काळाची जाण आहे, संयम आहे, आणि दुसऱ्याच्या कारागिरीला दिलेला मान आहे. हे गुण आपण कवितेत शोधतो, गाण्यात शोधतो. ते गाडीखालीही सापडतात. तिथे आडवे पडून बघण्याची तयारी मात्र ठेवायला हवी.